कर्णबाई निघाल्या

आमच्या शाळेचं मैदान चौकोनी होतं. फाटकापासून वर्गांपर्यंत जायला त्याच्या दोन कडांनी फरशी घातली होती आणि मुख्याध्यापिकांपासून शिपायापर्यंत सगळे त्या फरशीवरूनच जात. गणिताच्या बाई मात्र कधी गेल्या नाहीत. फाटकातून आत आल्या की छत्री काखेत मारायच्या, निऱ्या चिमटीत किंचित उचलायच्या आणि मैदानातून तिरक्या, थेट आठवी 'ब'च्या दाराशी. खो-खोचा खेळ रंगात आलेला असला तरी. पोरीच बाजूला व्हायच्या. एकदा मुख्याध्यापिकांनी हटकलं, तर बाई म्हणाल्या, "दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा कर्ण लहान असतो. मुलींना वर्गात हे शिकवायचं आणि आपण वळसा घालून यायचं, हे काही बरं नाही." त्या दिवसापासून त्यांचं नाव कर्णबाई पडलं. त्यांना ते माहीत होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

मी त्यांची विद्यार्थिनी, आणि गणितात कच्ची. एकदा शेजारणीच्या वहीतलं उत्तर बघून मी हात वर केला. उत्तर बरोबर होतं. बाई म्हणाल्या, "उत्तर काय, चुकूनही बरोबर येतं. रीत सांग." मी फळ्यापाशी जाऊन खडू हातात धरून उभी. बाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून खिडकीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "घाई नाही. तास माझाच आहे." अख्खा तास गेला. शेवटच्या दहा मिनिटांत मला खरोखरच रीत सापडली, तेव्हा वर्गातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मॅट्रिकला मला गणितात बरे मार्क पडले, त्याचं मूळ त्या तासात आहे.

मॅट्रिकनंतर वडिलांनी टायपिंगला घातलं आणि दीड वर्षानं मी आमच्याच शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले. तेव्हा कळलं की बाई मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत बसत नाहीत, ऑफिसात येऊन डबा खातात. तिकडे बोलणी चालायची ती घरच्या मंडळींची. कुणाच्या ह्यांना बढती मिळाली, कुणाच्या ह्यांना पित्ताचा त्रास. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. सतराव्या वर्षी इचलकरंजीत दिलेल्या. तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि बाईंना कोल्हापूरला, मंगळवार पेठेत माहेरच्या दारात आणून सोडलं. मग त्या शिकल्या. बी.एस्सी. झाल्या, बी.टी. झाल्या. धाकटा भाऊ बाळू, त्याची बायको, दोन पोरं आणि आई, असं घर त्यांच्या आधारावर चाललं होतं. बाळूचं स्पेअर पार्ट्सचं दुकान कधी चालायचं, कधी नाही. मंगळसूत्र अजून का घालता, असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं. डब्यातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "लोकांना उत्तरं देत बसण्यापेक्षा हे सोपं."

एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी लॉगच्या कोष्टकांच्या पुस्तकातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं आणि माझ्या टाइपरायटरवर ठेवलं. इथिओपियाच्या सरकारला गणित आणि विज्ञानाचे शिक्षक हवे होते. करार दोन वर्षांचा, पुढे वाढवता येण्याजोगा.

"अर्ज टाइप करून देशील, शालन? आणि कुणाला बोलू नकोस."

"बाई, हे कुठं आलं?"

"आफ्रिकेत. डोंगराळ आहे म्हणे. थंडी असते."

मी कागद चढवला, पण माझी बोटं चालेनात. शेवटी विचारलंच, "पण का, बाई?"

त्यांनी जरा विचार केला. वर्गात एखाद्या पोरीनं खरी शंका काढली की करायच्या तसा. "इथं मी कुणाची तरी टाकलेली आहे. कुणाची तरी बहीण आहे. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, असा ज्यांना प्रश्न पडतो, ती आहे. तिथं मला कोण ओळखतंय? तिथं मी नुसती गणिताची बाई असेन. एकदा तसं राहून बघायचंय."

मी अर्ज टाइप केला. तीन चुका झाल्या, तेव्हा पुन्हा केला.

पुढचे सहा महिने आम्ही दोघींनी जी तयारी केली, ती आठवली की अजून हसू येतं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बाई इंग्रजीतून गणित शिकवायच्या आणि बाकावर मी एकटी. त्यांना इंग्रजी वाचायला-लिहायला उत्तम येई, पण बोलताना वाक्याच्या मध्येच त्या थांबत आणि 'म्हणजे' म्हणत. मी प्रत्येक 'म्हणजे'ला टेबलावर पट्टी वाजवायची, असं ठरलं होतं. म्हादबा शिपाई कुलपं घेऊन दारात ताटकळायचा. एक दिवस म्हणाला, "बाई, इंग्रजीत बी तुमी तेवढंच वरडतासा की! मला वाटलं, इंग्रजी हळू बोलत्यात." बाई इतक्या हसल्या की त्या दिवशीचा पाठ तिथंच संपला.

मुलाखत मुंबईला झाली. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला जाते असं घरी सांगून गेल्या. आल्या त्या थेट ऑफिसात, पिशवीसकट. "काय विचारलं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "शाळेत पुस्तकं नसली तर काय कराल, असं विचारलं. मी म्हटलं, तर फारच बरं होईल." दीड महिन्यानं नेमणुकीचं पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर मागवलं होतं, म्हणून ते माझ्याच हातात पडलं. मैदान ओलांडून मी त्यांच्या वर्गापर्यंत पळत गेले, अर्थात तिरकी.

आता घरी सांगणं आलं. "तू चल," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला कळलं की बाईंनाही भीती वाटते.

बाळूदादा जेवत होता. पत्र ऐकलं आणि हात ताटातच राहिला. "आफ्रिका? तुला येड लागलंय काय? एकटी बाईमाणूस! पेठंतली लोकं काय म्हनतील, भनीला घरात दोन घास जड झालं म्हनून हबश्यांच्या मुलखात धाडली?" वहिनी मुकाट्यानं भाकरी थापत होत्या, पण त्यांचे हात मंदावले होते. बाईंची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "तिथं तांदूळ मिळतो काय?" बाई म्हणाल्या, माहीत नाही. त्यावर म्हातारी पुढचे आठ दिवस बाईंशी बोललीच नाही. बाई रोज शाळेतून आल्या की तिच्याशेजारी जाऊन बसत.

बाळूदादाला त्या आठवड्यात कुणीतरी नेमका मुद्दा पुरवला. पासपोर्टच्या अर्जावर नवऱ्याचं नाव घालावं लागतं, आणि बाईमाणूस एकटी परदेशी जाणार असेल तर नवऱ्याचं संमतिपत्र जोडलेलं बरं, असं एका वकिलानं सांगितलं. बाळूदादा बाईंना म्हणाला, "जा की मग. आन त्याची सही. सही आनलीस तर मी एक शबुद बोलनार न्हाय." त्याला खात्री होती. अठरा वर्षांत बाई इचलकरंजीच्या रस्त्यालासुद्धा लागल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी आम्ही एस.टी.नं निघालो. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, शाळेच्या तपासणीच्या दिवशी नेसत तशी. पत्ता विचारत आम्ही एका पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. आत माग चालू होते. तो खडखडाट ज्यांनी ऐकला आहे त्यांनाच कळेल, शेजारच्या माणसाचं ओरडणंही तिथं ओठांवरून ओळखावं लागतं. बाईंचा नवरा शेवटच्या मागापाशी होता. केस पिकलेले, बनियन, कानावर पेन्सिल. त्यानं बाईंना ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोर्टाचा कागद आनलाईस काय?" तो ओरडला.

"नाही!" बाई म्हणाल्या.

"पोटगीचा हाय?"

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्या पुन्हा बोलल्या. तो कानाला हात लावून पुढे वाकला. मग त्यानं वैतागून मुख्य खटका ओढला, सगळे माग एकदम थांबले, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत बाईंचा वर्गातला आवाज शेडभर घुमला, "मी परदेशी चाललेय! सही पाहिजे!"

विणकर वळून बघायला लागले. तो घाम पुसत म्हणाला, "इचार करून सांगतो. चार दिसांनी ये." तेवढ्यात शेडला लागून असलेल्या खोलीतून एक बाई आली. हातात दोन कप चहा. ठेंगणी, पदर खोचलेला, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. कोण ते सांगावं लागलं नाही. तिनं कप बाईंच्या पुढे केला आणि म्हणाली, "अक्का, च्या घ्या."

त्या 'अक्का'नं बाई गांगरल्या. त्यांनी कप घेतला. खोलीच्या दारात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी अपूर्णांकांची वही घेऊन बसली होती. बाईंची नजर त्या वहीवर गेली आणि तिथंच अडकली. "छेद सारखे केलेस का?" त्यांनी विचारलं. मुलीनं नाही म्हणून मान हलवली. बाई कप हातात घेऊन तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या आणि नवरा चष्मा शोधण्याचं निमित्त करून शेडमध्ये येरझारा घालत होता तेवढ्या वेळात त्यांनी तिला तीन उदाहरणं सोडवायला लावली.

चष्मा सापडला तरी तो म्हणाला, "तरी बी, दोन दिस इचार..."

"कशाचा इचार?" दुसरी बायको कडाडली. "अठरा वर्सं इचारच केलासा न्हवं? त्यांचं काय देनं लागत न्हाय म्हनता, मग आडवायला कोन तुमी? करा सही!"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. बाईंनी पर्समधून पेन काढून दिलं. "शाईनं," त्या म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. हातकणंगले मागं पडलं तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. "तिचे हात बघितलेस? सुतानं कापून कापून घट्टे पडलेत." जरा वेळानं म्हणाल्या, "मी इतकी वर्षं तिच्यावर रागावले होते. चुकीच्या माणसावर."

सहीचा कागद बाळूदादाच्या पुढे ठेवला तेव्हा तो शब्दाला जागला नाही. पुन्हा आरडाओरडा सुरू केला. तेव्हा भिंतीला टेकलेली म्हातारी आठ दिवसांनी बोलली. "बाळू, तिला आडवू नगंस. एकदा आपुन तिला धाडली हुती, तवा तिला कुनी इचारलं न्हवतं. आता तिची ती निघालीया. जाऊ दे."

बाळूदादा उठून बाहेर गेला. बाई आईच्या पायांशी बसल्या. मी त्या दिवशी लवकर घरी आले.

स्टेशनवर निरोपाला अर्धी शाळा आली होती. बाईंच्या ट्रंकेत लाल चटणीचे दोन डबे, चपलांचे दोन जोड आणि फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कंपास. बाळूदादा आला नाही म्हणून सगळ्यांना वाईट वाटत होतं, आणि गाडी हलायच्या बेतात असताना तो धापा टाकत आला. खिडकीतून एक गाठोडं आत दिलं. तांदूळ होते. "मिळतोय का न्हाय, कुनास ठावं," एवढंच बोलला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

बाईंची पत्रं यायची ती निळ्या हवाईपत्रांवर, बारीक अक्षरात, कडेपर्यंत भरलेली. बाईंच्या आईला, मी तिला आजी म्हणे, वाचता येत नव्हतं आणि बाळूदादाला धीर नव्हता, त्यामुळे दर रविवारी मी मंगळवार पेठेत जाऊन वाचून दाखवायची आणि आजी सांगेल ते उत्तर लिहून घ्यायची. माझं लग्न झालं, पण गावातच, त्यामुळे तो रविवार चुकला नाही. तिथली भाकरी आंबोळीसारखी असते, आंबट आणि जाळीदार, असं बाईंनी लिहिलं होतं. मुली दोन-दोन डोंगर उतरून येतात, आणि आल्यावर पहिल्यांदा पाय धुतात. तांदूळ मिळतो, महाग आहे.

आजीचे प्रश्न वेगळेच असत. एकदा म्हणाली, "लिही, तिथं कुनाचं लगीन ठरलं तर तुला बोलिवत्यात काय?" मी लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं: 'आई, मागच्या महिन्यात माझ्या वर्गातल्या मुलीच्या बहिणीचं लग्न झालं. मला नवरीच्या आईशेजारी बसवलं होतं. पहिला घास मला दिला.' आजीनं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग वहिनींना हाक मारून बोलावलं आणि तिसऱ्यांदा वाचायला लावली.

तीन वर्षांनी बाई सुट्टीवर आल्या. साडीखाली बूट, केस कापलेले आणि गळा मोकळा. पेठेतले एक म्हातारे त्यांना न ओळखता म्हणाले, "पावणं कवा आलं? कुनाच्यात?" बाई हसल्या, पण रात्रीच्या जेवणाला त्यांचं लक्ष नव्हतं. आजीनं मोकळ्या गळ्याकडे बराच वेळ बघितलं. ती म्हणाली, "उकाड्याचं बरं पडतंय." झालं, तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे तिथली राजवट उलथली. बरेच शिक्षक परत आले. बाई परत येतील अशी बाळूदादाची अटकळ होती आणि त्यानं माडीवरची खोली झाडूनही ठेवली. बाई आणखी खाली, झांबियाला गेल्या. 'इथं गणिताला माणूस नाही,' असं लिहिलं. मला वेगळ्या पत्रात लिहिलं, 'कोल्हापूरची आठवण येते. पण मी तिथं आले की मला माझी आठवण येते.' हे वाक्य मी आजीला वाचून दाखवलं नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आजी मोरीत घसरून पडली. खुबा मोडला, मग छातीत कफ झाला. डॉक्टरांनी बाळूदादाला बाजूला घेऊन सांगितलं. बाळूदादा तार करायला निघाला, तर आजीनं त्याला थांबवलं आणि मला बोलावणं धाडलं. मी गेले तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"लिही. मी बरी हाय. पडलेती, पन आता बरी हाय. सुट्टी काडून येऊ नको. पोरींच्या परीक्षा असतील."

"आजी, त्यांना खरं कळवायला पाहिजे."

"तू लिहितीस का बाळूच्या पोराला बोलवू?"

मी लिहिलं. तिनं ते माझ्याकडून वाचून घेतलं, अंगठा उठवला, पत्र पेटीत टाकायला मला लगेच धाडलं. पंधराव्या दिवशी ती गेली. बाळूदादानं मग तार केली. बाईंना तिथून निघायला मे महिना उजाडला.

आल्या त्या आधी माझ्या घरी. पिशवी दारात ठेवली आणि पाण्याचा तांब्यासुद्धा हातात न घेता म्हणाल्या, "ते पत्र तुझ्या अक्षरात होतं. तिनं सांगितलं ते लिहिलंस, की तुझ्या मनानं?"

"त्यांनी सांगितलं ते, बाई."

"शब्द सांग."

मी सांगितले.

"'येऊ नको' म्हणाली? की 'नाही आलीस तरी चालेल' म्हणाली?"

"'येऊ नको' म्हणाल्या."

"आणि नंतर? पत्र टाकल्यावर? काही म्हणाली?"

बाई आता या जगात नाहीत. निवृत्त झाल्यावरही त्या तिथंच राहिल्या, मुलींच्या वसतिगृहाशेजारच्या दोन खोल्यांत, आणि तिथंच गेल्या. त्यांच्या जाण्यानंतर चार-पाच वर्षं त्यांच्या विद्यार्थिनींची पत्रं मला येत होती. त्यातल्या एकीनं लिहिलं होतं की ती इंजिनिअर झाली आहे, आणि तिच्या आईला अजूनही बाईंचं नाव नीट उच्चारता येत नाही. म्हणून आता सांगायला हरकत नसावी.

पत्र टाकलं त्या दिवसापासून आजी दाराकडे तोंड करून निजायला लागली होती. बोळात चपला वाजल्या की विचारायची, "आली काय गं?" मी नाही म्हटलं की म्हणायची, "लांब हाय. येळ लागतोय." शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा तिनं विचारलं होतं.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, उन्हानं रापलेली, पायात धुळीचे बूट. मी सांगितलं असतं तर त्या परत गेल्या नसत्या. माडीवरची खोली झाडलेलीच होती.

मी म्हटलं, "नाही, बाई. झोपच लागली त्यांना."

त्यांनी हळूच मान हलवली, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे."